बोअर मारायचा की मोठी मोटर बसवायची? (पाथर्डी फाटा, नाशिक)

पाथर्डीकर
राम राम मंडळी,
आमची सोसायटी पाथर्डी फाट्याजवळ आहे. चार मजले, २४ फ्लॅट, पार्किंगखाली सम्प, गच्चीवर सिमेंटची टाकी. महापालिकेचं पाणी सकाळी एकदा येतं. दिवाळीपासून एकच बोंब चालू आहे, की पाणी पुरत नाही. दुपारी तीन-चारला गच्चीवरची टाकी तळाला जाते आणि सोसायटीच्या ग्रुपवर भांडणं सुरू होतात.

कमिटीत सरळ दोन तट पडलेत. चेअरमन म्हणतात बोअर मारा. सेक्रेटरी म्हणतात बोअरचा भरवसा नाही, त्यापेक्षा जास्त एचपीची मोटर बसवा. दोन्हींची कोटेशन आली आहेत. लवकरच सभा आहे आणि तिथे हात वर करून निकाल लागणार. मी खजिनदार, म्हणजे पैसे माझ्याच सहीने जाणार. नाशिकमधल्या जाणत्यांनी सांगा, यातलं काय करावं?

रिकामटेकडा_सिडको
बोअर. विचार कसला करताय? आमच्याकडे पहिला कोरडा गेला, दुसऱ्याला पाणी लागलं. आता टँकरची गरज नाही. पाणी जड आहे एवढंच, गिझरची कॉइल दरवर्षी बदलावी लागते.

मेनरोडची_माई
@रिकामटेकडा, "एवढंच" म्हणे! साबणाला फेस येत नाही तुमच्या बिल्डिंगमध्ये. माझी नणंद राहते तिथे, सगळं कळतं मला.

निवृत्त_अभियंता
पाथर्डीकर, शीर्षकात दोन उत्तरं आहेत, प्रश्न कुठेच नाही. आधी एवढं सांगा:
सकाळी पालिकेचं पाणी किती येतं? तास नकोत, लिटर सांगा.
"पुरत नाही" ही तक्रार कुठल्या मजल्याची? नळाला पाणी येतच नाही, की बारीक धार येते?
दिवाळीच्या आधी पुरत होतं, मग दिवाळीला काय बदललं? माणसं वाढली, की पालिकेनं वेळ कमी केली?
सम्प आधी रिकामा होतो की गच्चीवरची टाकी?

मोठ्या मोटरबद्दल आत्ताच सांगतो. मोटर सम्पातलं पाणी वर चढवते, नवीन पाणी आणत नाही. सम्पात दहा हजार लिटर असतील तर छोटी मोटर ते सव्वा तासात चढवेल, मोठी अर्ध्या तासात. संध्याकाळी टाकी तितकीच रिकामी असेल.

बोअरचं म्हणाल, तर आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. पाणी असतं ते वरच्या मुरमाच्या थरात नाहीतर खडकाच्या भेगांत. भेग सापडली तर सापडली. शेजारच्या प्लॉटला लागलं म्हणून तुम्हाला लागेलच असं नाही.

पाथर्डीकर
सर, खरं सांगायचं तर लिटरमध्ये कुणीच मोजलेलं नाही. वॉचमन म्हणतो "पूर्वीसारखं येत नाही." पालिका म्हणते पुरवठ्यात बदल नाही, मुकणे धरणाच्या लाईनवर तुमचा भाग आहे आणि विल्होळीच्या जलशुद्धीकरण केंद्रातून नेहमीसारखंच सुटतंय. तक्रारी सगळ्यात जास्त चौथ्या मजल्याच्या. त्याखालोखाल संध्याकाळी उशिरा घरी येणाऱ्या नोकरदारांच्या. दिवाळीत विशेष काही बदललेलं आठवत नाही.

गोदाकाठचा_गण्या
पालिकेच्या लाईनलाच डायरेक्ट मोटर लावा ना, कॉलनीत निम्मे लोक तेच करतात.

निवृत्त_अभियंता
ते बेकायदेशीर आहे. शिवाय शेजाऱ्याच्या नळातलं पाणी ओढून घेता तुम्ही. इथे असले सल्ले देऊ नका.

टूलरूमवाला_अंबड
पाण्यातलं मला कळत नाही, पण तुमच्यासारखंच भांडण आमच्या शॉपफ्लोअरवर झालं होतं ते सांगतो. कंपनीचं नाव विचारू नका.

ॲल्युमिनियमचं हाउसिंग, म्हणजे यंत्राचं कवच, त्यात ८० मिलिमीटरचा बोअर, म्हणजे गोल भोक (तुमचा बोअर नव्हे!). टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, सगळा मिळून २५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ऑपरेटर मशिनवरून पीस काढला की लगेच बोअर गेज घालून बघायचा: ओके. संध्याकाळी तोच पीस क्वालिटीच्या एसी खोलीत गेला की अंडरसाइज, म्हणजे भोक लहान, रिजेक्ट. उन्हाळ्यात तर ढीग लागायचा. मीटिंगवर मीटिंग. प्रॉडक्शनवाले म्हणायचे गेज खराब, क्वालिटीवाले म्हणायचे ऑपरेटर डोळे झाकून ओके मारतो, आणि मेंटेनन्सनं मशिनचं स्पिंडल (फिरणारा दांडा) घासलंय असं ठरवून नव्या मशिनचा प्रस्तावसुद्धा वर पाठवला.

गेज नीट होतं, ऑपरेटर प्रामाणिक होता, स्पिंडलही ठणठणीत. पीस गरम होता. ॲल्युमिनियम दर मीटरला दर अंशाला साधारण २३ मायक्रॉन फुगतं. ८० मिलिमीटरच्या बोअरमध्ये १५ अंशांचा फरक असेल तर जवळपास २८ मायक्रॉन, म्हणजे अख्खा टॉलरन्स खाऊन वर शिल्लक. मापाचं प्रमाण तापमान २० अंश असतं, क्वालिटीची खोली त्याच्या आसपास ठेवलेली, आणि मशिनजवळ मे महिन्यातला नाशिक. पोलाद असतं तर फरक निम्माच पडला असता आणि कदाचित कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

नवं मशिन आलं असतं तरी रिजेक्शन तेवढंच राहिलं असतं. वाईट म्हणजे, मग नव्या मशिनमध्ये काय बिघाड आहे ते शोधत बसलो असतो.

आमच्याकडे भिंतीवर "पाच वेळा का विचारा" असा बोर्ड आहे, टोयोटाच्या ताइची ओहनोंची पद्धत. बोर्ड चांगला आहे. पण आपल्याकडे दुसऱ्या "का"लाच गाडी "कोण"वर येते. ऑपरेटरचं नाव निघालं की सगळ्यांना हायसं वाटतं आणि पुढचे तीन "का" कुणी विचारत नाही.

मेनरोडची_माई
आमच्या सोसायटीत तो "कोण" नेहमी वॉचमन असतो.

स्पष्टवक्ता_नाशिकरोड
हे सगळं वाचायला छान आहे हो. पण सकाळी साडेसातला शाळेत जाणाऱ्या पोराच्या अंगाला साबण लागलेला असताना नळ गेला की "आधी प्रश्न ओळखू या" म्हणणाऱ्याला बादली फेकून माराविशी वाटते. आधी टँकर मागवा. मोजमाप नंतर. या देशात अहवाल कमी पडलेत असं कधी झालंय का?

स्टेथोस्कोप
स्पष्टवक्ता, तुमचा मुद्दा निम्मा पटतो. टँकर मागवायलाच हवा, माणसांना तहानलेलं ठेवून मोजमाप कुणी करत नाही. पण केव्हा मागवता ते बघा. दवाखान्यात आमच्याकडे हे रोज होतं. ताप आला की माणूस मेडिकलमधून अँटिबायोटिक घेऊन दोन दिवस खातो, मग आमच्याकडे येतो. टायफॉइडचा संशय असला तर आम्ही रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते बघायची तपासणी, पाठवतो आणि ते निगेटिव्ह येऊ शकतं. आजार गेलेला नसतो, अर्ध्या औषधानं जंतू कल्चरमध्ये सापडेनासे होतात. ताप उतरवायला पॅरासिटामॉल द्या, त्यानं कल्चर बिघडत नाही.

तसंच, टँकर रोज सम्पात ओतलात तर पालिकेचं किती आलं आणि तुमचं किती गेलं हे पुन्हा कधीच कळणार नाही. मोजणी होईपर्यंत टँकर दुपारी घ्या, सकाळचा पुरवठा मोजून झाल्यावर. आणि किती लिटरचा आला ते लिहून ठेवा.

स्पष्टवक्ता_नाशिकरोड
हे चालेल. बादली खाली ठेवली.

ओझरचा_बागायतदार
धागा आवडला. आमच्याकडची गोष्ट सांगतो, पाण्याचीच.

वाघाड धरण दिंडोरी तालुक्यातलं, त्याचा उजवा कालवा शेपटाला, म्हणजे शेवटच्या टोकाला, आमच्या ओझरकडे येतो. येतो म्हणजे कागदावर यायचा. शेपटाच्या शेतकऱ्याला पाणी मिळायचंच नाही. सगळे म्हणायचे धरणात पाणी कमी, सरकारनं नवीन योजना आणावी. समाज परिवर्तन केंद्र या संस्थेचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी वेगळीच चौकशी सुरू केली: हक्काचं पाणी किती, ते कालव्यात कुठपर्यंत पोचतं आणि मधे जातं कुठे? १९९१ च्या सुमाराला शेपटाच्या लोकांनी पाणी वापर संस्था काढल्या आणि पाणी घनमापनावर, म्हणजे मोजून घ्यायला सुरुवात केली. धरण तेच, पाऊस तोच. मोजून मिळायला लागल्यावर लोकांनी ठिबक केलं, द्राक्षं लावली. पुढे अख्ख्या प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आला. बाहेरून लोक बघायला येतात.

यात एक मेख आहे. "पाणी कमी" म्हटलं की दोष पावसाचा, कुणाशी वाकडं घ्यायला लागत नाही. "पाणी मधे जातं" म्हटलं की वरच्या गावच्या पाव्हण्याशी बोलायला लागतं. म्हणून पहिलं म्हणणं सगळ्यांना सोयीचं. तुमच्या बिल्डिंगमध्येपण असंच काही निघालं तर नवल नाही.

रिकामटेकडा_सिडको
म्हणजे कुणीतरी पाणी चोरतंय? मी आधीच म्हणणार होतो.

ओझरचा_बागायतदार
चोरतंय असं नाही भाऊ म्हटलं मी. जातंय म्हटलं.

काळारामाच्या_शेजारी
वाघाडवरून आठवलं. अवांतर होईल, पण पंचवटीत राहणाऱ्याला हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

२७ ऑगस्ट २००३, सिंहस्थातली शाही पर्वणी. रामकुंडाकडे येणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक गेले. पुढच्या सिंहस्थात, २०१५ ला, यंत्रणेनं धसका घेतला होता तो गर्दीचा. २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला शहर असं बंद केलं की भाविकांना कित्येक किलोमीटर चालायला लागलं, आम्हाला स्वतःच्या गल्लीत शिरायला पास दाखवायला लागले, आणि घाटांवर अपेक्षेच्या मानाने माणसंच नव्हती. टीका झाली आणि पुढच्या पर्वणीला, १३ सप्टेंबरला, बंदोबस्त सैल केला.

गर्दी म्हणजे संकट नव्हे. लाखो माणसं मोकळ्या जागेत उभी राहिली तर कुणाला ओरखडाही येत नाही. चिंचोळ्या जागी मागून लोंढा येतोय आणि पुढे वाट तुंबलीय, हे मागच्या माणसाला कळत नाही, तेव्हा माणसं मरतात. २०१५ ला नाशिकच्याच एका शाळकरी मुलानं पावलं मोजणारी चटई केली होती. एका वाटेनं किती माणसं चाललीत ते लगेच कळावं म्हणून. मला त्या सगळ्या बंदोबस्तात ती चटई सगळ्यात शहाणी वाटली.

गोदाकाठचा_गण्या
पोलिसांना नावं ठेवणं सोपं आहे. एकही माणूस दगावला नाही २०१५ च्या चेंगराचेंगरीत, कारण चेंगराचेंगरी झालीच नाही. हे यश नाही का?

काळारामाच्या_शेजारी
यश आहेच, ते नाकारत नाही. पण माणसं आलीच नाहीत म्हणून झालेलं यश आणि माणसं येऊन सुखरूप गेली म्हणून झालेलं यश यात २०२७ च्या तयारीसाठी फरक पडतो. पहिल्यातून शिकायला काहीच मिळत नाही.

संपादक
सिंहस्थाच्या नियोजनावर वेगळा धागा काढावा. इथे पाथर्डीकरांच्या टाकीपुरतं बोलू या.

पाथर्डीकर
मंडळी, आकडे घेऊन आलोय.

सम्प आतून ४ मीटर बाय ३ मीटर. म्हणजे पातळी एक सेंटिमीटर चढली की १२० लिटर. सकाळी पुरवठा चालू असताना मोटर बंद ठेवली आणि लाकडी पट्टीनं मोजलं. कमी-जास्त धरून ९५ सेंटिमीटर चढतं, म्हणजे सुमारे ११,४०० लिटर. आमच्याकडे माणसं साधारण ९०. दरडोई १३५ लिटरच्या निकषानं १२,१५० लिटर लागायला हवेत. म्हणजे थोडं कमी आहे, पण दुपारी तीनला टाकी कोरडी पडावी इतकं नक्कीच नाही.

मग गच्चीवरची टाकी. ३ बाय अडीच मीटर, एक सेंटिमीटरला ७५ लिटर. टूलरूमवाल्यांचं वाचून सुचलं की कुणी पाणी वापरत नसेल तेव्हा मोजावं. दुपारच्या टँकरमुळे टाकीत पाणी होतं. रात्री साडेबारा ते साडेचार, मोटर बंद. पातळी आठ सेंटिमीटर उतरली. ६०० लिटर! बिल्डिंग झोपलेली. दुसऱ्या रात्री परत मोजलं, तेच.

तासाला १५० लिटर. दिवसभर हाच वेग धरला तर ३,६००. टाकी संध्याकाळी रिकामीच असते म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी, पण तरी येणाऱ्या पाण्याचा पाव भाग तरी कुठेतरी जातोय.

निवृत्त_अभियंता
शाब्बास. आता लाईन बाहेरून गळते की घरात, ते बघा. गच्चीवरून खाली उतरणाऱ्या प्रत्येक पाइपला वेगळा व्हॉल्व्ह असेल. रात्री एकेक बंद करून पातळी बघा. पाइपांना ओल दिसत नसेल तर माझा संशय फ्लशच्या टाक्यांवर. आतलं रबर कडक झालं की पाणी आवाज न करता कमोडमध्ये झिरपत राहतं. टाकीत खायचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला की समजा.

मेनरोडची_माई
२४ घरांत जाऊन कमोड बघायचे? खजिनदारपदाचा असा सन्मान कुणाचा झाला नसेल.

पाथर्डीकर
@माई, झालाय सन्मान. बायकोने बीटाच्या रसाची बाटली दिली, खायचा रंग संपला होता. सात फ्लशमध्ये रंग उतरला. त्यातले पाच एकाच बाजूच्या उभ्या लाईनवरचे. बिल्डिंग आठ वर्षांची आहे, सगळी फिटिंग एकाच वेळी बसवलेली, त्यामुळे रबरंही एकाच सुमाराला गेली असणार. दिवाळीला वेगळं काही घडलंच नव्हतं, एकेक करून वाढत वाढत तेव्हा लक्षात आलं इतकंच. प्लंबरकडून एकाच दिवशी सगळी बदलून घेतली. आता रात्री पातळी एखाद सेंटिमीटर उतरते, तेवढं कुणीतरी उठतंच. संध्याकाळी टाकीत पाणी शिल्लक असतं.

पण चौथा मजला अजून नाराज आहे.

निवृत्त_अभियंता
असणारच. त्यांचा त्रास पहिल्यापासून वेगळा होता. पाण्याला दाब उंचीनं मिळतो, दहा मीटरला साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला). तुमची टाकी गच्चीपासून किती वर आहे?

पाथर्डीकर
दीड मीटर असेल.

निवृत्त_अभियंता
मग चौथ्या मजल्याच्या शॉवरपासून टाकीचा तळ जेमतेम अडीच मीटर वर. पाव किलो दाब. पहिल्या मजल्याला आणखी तीन मजल्यांचे नऊ मीटर मिळतात, म्हणजे साधारण १.१५ किलो. टाकी काठोकाठ भरली तरी चौथ्या मजल्याचा शॉवर फार तर जरासा सुधारेल, आणि टाकी खाली जाईल तसा आणखी मलूल होईल. बोअर, मोठी मोटर, टँकर, यांपैकी कशानंही हे बदलत नाही. त्यांना हवा तर छोटा प्रेशर पंप लागेल, तोही फक्त त्यांच्या मजल्याच्या लाईनला. सगळ्या बिल्डिंगला लावलात तर खालच्यांच्या जुन्या जॉइंटमधून नवीन गळत्या सुरू होतील.

लासलगावची_लेक
दोन तक्रारी एकाच नावानं फिरत होत्या तर. आमच्या कांद्याचंही तेच. साठवणीच्या चाळीत उन्हाळ कांदा "खराब होतो" म्हणतात त्यात तीन गोष्टी येतात: वजन घटतं, सड लागते, कोंब फुटतात. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं विकिरण केंद्र २००२ साली झालं तेव्हा लोकांना वाटलं कांद्याचा प्रश्न मिटला. विकिरणानं, म्हणजे किरणांच्या माऱ्यानं, कोंब थांबतात, उत्तम थांबतात. सड थांबत नाही, वजनही घटायचं ते घटतंच. आणि चाळीतलं पहिल्या महिन्यांचं नुकसान बहुतेक याच दोन्हींचं. काढणीआधी पाणी वेळेवर तोडलं का, कांदा नीट सुकवला का, मान, म्हणजे पातीचं बूड, किती ठेवून कापली, यावर ते ठरतं. पण मान कापायच्या उंचीचं उद्घाटन कोण करणार?

ओझरचा_बागायतदार
ताई, शेवटचं वाक्य चाळीवर लिहून ठेवतो.

स्टेथोस्कोप
पाथर्डीकर, बोअरचं काय झालं मग? चेअरमन मानले?

पाथर्डीकर
तीच तर गंमत. चेअरमनना आकडे दाखवले. म्हणाले, "छान काम केलंत, पण बोअर तरीही मारू." का, तर उन्हाळ्यात गाड्या धुवायला, बागेला, आणि फ्लॅट विकताना "बोअर आहे" असं सांगता येतं. आता हा मुद्दा खोटा नाही. विकणाऱ्याच्या दृष्टीनं खराच आहे. पण मग ठरावात "पाणीटंचाईवर उपाय म्हणून बोअर" असं का लिहायचं? "फ्लॅटची किंमत वाढावी म्हणून बोअर" असं लिहा आणि सभेला विचारा. हे बोललो तर ते जरा तुटक वागायला लागलेत.

टूलरूमवाला_अंबड
नव्या मशिनच्या प्रस्तावामागेही आमच्याकडे असंच होतं. स्पिंडल हे निमित्त, नवं मशिन साहेबांना आधीपासूनच हवं होतं.

स्पष्टवक्ता_नाशिकरोड
चेअरमनचं काही चुकत नाही. त्यांचा प्रश्न वेगळा आहे, पाण्याचा नाही. तुम्ही तुमचा सोडवलात, त्यांना त्यांचा मांडू द्या. फक्त दोन वेगळे ठराव करा आणि दोन्हींवर वेगवेगळं मतदान घ्या.

निवृत्त_अभियंता
सहमत. आणि सभेत आकडे तोंडी सांगू नका. रात्रीची पातळी, रबर बदलण्याआधीची आणि नंतरची, एका कागदावर लिहून नोटीस बोर्डावर लावा. सम्पात एक कायमची पट्टी रंगवून घ्या, वॉचमनला रोज सकाळी वहीत लिहायला सांगा. पुढच्या वेळी "पूर्वीसारखं येत नाही" असं कुणी म्हटलं की वही उघडायची.

पाथर्डीकर
पट्टी रंगवून झाली. आता एकच अडलंय. चौथ्या मजल्याच्या प्रेशर पंपाचा खर्च कुणी करायचा? त्या सहा फ्लॅटचं म्हणणं, मेंटेनन्स आम्हीही सारखाच भरतो, तर पाणीही सारखं यायला हवं, सोसायटीनं बसवावा. खालच्यांचं म्हणणं, वरचा मजला घेताना गच्चीचा वारा आणि पांडवलेणीचा डोंगर बघून घेतलात, तेव्हा दाब का नाही विचारलात? कुणाच्या सोसायटीत असा खर्च कसा वाटला होता? उपविधीत यावर काही असेल तर कलम सांगा.

मेनरोडची_माई
आमच्याकडे पंप सोसायटीनं बसवला आणि त्याचं वीजबिल वरच्यांनी वाटून घेतलं. मीटर वेगळा घ्या मात्र, नाहीतर पुढच्या दिवाळीला लाइटबिलाचा धागा काढाल.